चार रुग्ण आणि एक गप्प

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनींचा गुडघा सुधारला हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र तेच रडगाणं. परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा पुन्हा नापास झाले. आता शेवटची संधी. ती गेली की वॉर्डातून बाहेर.

सरावात प्रश्न होता, रुग्णाला धाप लागली तर आधी काय कराल? बरोबर उत्तर, कळ दाबून पलंगाची डोक्याकडची बाजू उचला. मी तेच खोडलं, कारण आमच्या पलंगांच्या कळा कधीच्या मोडल्यात. प्रत्येक प्रश्नात माझं असंच होतं. सोबत चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जायचं, हा प्रश्न पाठवते, तूही डोकं खाजव.

या ढ बहिणीवर लोभ असू दे.
तुझी बडबडी

१२ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, प्रश्नातला वॉर्ड तुझा नव्हेच. तिथल्या सगळ्या कळा चालतात, हाक मारली की माणूस येतो. तिथे उभी राहून उत्तर दे.

तुझा प्रश्न फळीला सरस लावता लावता सोडवला. एक ओरडतोय, एक रडतोय, एक पाणी मागतोय, एक सकाळपर्यंत बोलत होता तो आता गप्प. मी सुतार माणूस, ओरडणाऱ्याकडे धावलो. चुकलो असणार!

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साफ चुकलास! जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. आधी गप्प झालेल्याकडे जायचं. हा एक प्रश्न मी कधीच चुकत नाही. बाकी सगळा अंधार आहे, दादा. पान उघडते आणि लगेच मिटते. वॉर्ड सुटला तर मी कोण, हेच मला कळत नाही.

माया असू दे.
बडबडी

१७ मार्च

ती. दादास,
सा. न.

निकाल लागला. नाही झालं. मी बरी आहे. उत्तराची घाई नाही.

२१ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं एवढंसं पत्र आलं. तुझी वहिनी म्हणाली, पोरीने शांतपणे घेतलं. मी पुन्हा वाचलं. रडली नाहीस, चिडली नाहीस, गुडघ्याची चौकशी नाही, खाली नावसुद्धा नाही.

दुकानाला कुलूप लावलंय. हे पत्र मीच घेऊन येतोय. दार वाजवीन. उघडलं नाहीस तर हे खालून सरकवीन, वाचायला वेळ देईन, आणि मग बिजागऱ्या काढीन. हत्यारं बरोबर आहेत.

तुझा,
दादा