बिनउंबऱ्याची खोली

प्रिय सोम्या,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: मी धड आहे, माय आपल्या पायांनी हिंडतेय आणि फोनही बिघडलेला नाही. आता बूट काढ, काहीतरी खाऊन घे आणि निवांत वाच. रोज फळ्यावर लिहिते खरी, पण असं एका माणसासाठी पानंच्या पानं लिहायची सवय गेली आहे. पाटोद्याच्या पोस्टात कॅनडाला पत्र पाठवायचंय म्हटलं, तर तिथल्या माणसानं आधी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मग फोन लावून का देत नाही म्हणून विचारलं. त्याला काय सांगणार होते मी?

इकडची खबर सांगायची तर आपल्या काळ्या शेळीला दोन पिल्लं झालीत, दोन्ही पाटी. रस्ता रुंद करताना फाट्यावरचं लिंबाचं झाड तोडलं, त्यामुळे एस.टी.ची वाट बघणारे सगळे आता आपल्या खोलीच्या सावलीला उभे राहतात. तीच खोली, मायनं तुझ्यासाठी रस्त्याच्या कडेला बांधून घेतलेली. व्हिडिओ कॉलवर तू बघितली आहेस, पण व्हिडिओत तिचा उंबरा दिसत नव्हता, कारण तो नव्हताच. त्याची गोष्ट सांगायची आहे, पण ती तुझ्या व्हिसापासून सुरू होते.

पहिल्यांदा व्हिसा नाकारला गेला ते दिवस आठवतात का? संभाजीनगरच्या त्या एजंटनं तुझ्या गळ्यात मॅनेजमेंटचा डिप्लोमा मारला होता, कारण त्याला म्हणे प्रवेश पटकन मिळतो. उत्तर आलं, की फिजिओथेरपी शिकलेला मुलगा एकदम हे का शिकायला निघालाय ते कळत नाही आणि शिक्षण संपल्यावर हा मायदेशी परतेल असं वाटत नाही. तू जेवण सोडून बसलास. मी समजूत काढायला आले, तर माझ्यावरच खेकसलास, कारण दुसरं कुणी समोर नव्हतं.

मग तू एजंटला सोडलंस आणि अंगणातल्या बाजेवर आपण दोघं तीन अभ्यासक्रम घेऊन बसलो. एक होता खेळाडूंच्या दुखापतींचा, त्यात तुझा जीव होता, कबड्डीत तू स्वतः गुडघा मोडून घेतला होतास. दुसरा म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा, आणि तिसरा अंगमेहनतीच्या कामानं झिजलेल्या शरीरांचा, जो तू नुसता यादी भरायला धरला होतास. मी मास्तरीणबाईच्या थाटात सांगितलं, की म्हाताऱ्यांचा घे, जगात म्हातारे कधी कमी पडायचे नाहीत. तू म्हणालास, अक्का, तू पोरांना बाराखडी शिकव.

तेवढ्यात माय डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन आली. भारा खाली टाकताना तिनं मान वळवली नाही, सगळं अंगच फिरवलं. मी जन्मभर ते बघत आले होते, पण बघून कधी काही वाटलं नव्हतं. तू मात्र उठलास, तिच्या मानेवर मागून बोटं ठेवलीस आणि विचारलंस, की हे कधीपासून. ती म्हणाली, "मोळ्या वाह्यलेली मान हाय ती. आज कावून इचारतो?" तू विचारलंस, उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात का. ती तुझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुला कुणी सांगितलं? मग दिवेलागणीपर्यंत तुला सांगत होती, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कसं चढायचं, फळी ओली असली की पायाची बोटं कशी रोवायची. आपल्याला कुणाला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं, सोम्या, कारण आपण कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तू तिसरा अभ्यासक्रम घेतलास. हाच का, याचं कारण तुला आता एका दमात सांगता येत होतं. व्हिसासाठी जे निवेदन इंग्रजीत लिहिलंस, ते मी मायला मराठीत करून वाचून दाखवलं: शिकून मी परत येईन, पाटोदा तालुक्यात ऊसतोड कामगारांसाठी उपचार केंद्र काढीन आणि सुरुवात माझ्या आईपासून करीन. मला वाचताना रडू आलं. मायला नाही आलं. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. हे कुणाला दिलं? कॅनडाच्या सरकारला. सही केली का? केली. मग ती म्हणाली, "लिहून दिलंय त्येनं. येतोय मंग."

आपण शिकलेली माणसं. कागदावर काय काय लिहावं लागतं आणि त्यातलं किती धरायचं असतं, हे आपल्याला ठाऊक असतं. मायला कागद एकच माहीत, म्हाळू मुकादमाचा. पावसाळ्यात आगाऊ उचल घेऊन त्यावर अंगठा दिला, की दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक फाट्यावर येईल तेव्हा जायचंच. अप्पांना विषमज्वर झाला होता त्या सालीसुद्धा ते गोधडी गुंडाळून ट्रकमध्ये बसले होते. जे गेले नाहीत, त्यांच्या दारात म्हाळू चार माणसं घेऊन उभा राहायचा. पुढे अप्पा गेले आणि माय एकटी उरली. नवराबायको मिळून एक कोयता, अर्ध्या कोयत्याला मुकादम विचारत नाही, म्हणून तिची ऊसतोड सुटली. तेव्हासुद्धा ती आधी म्हाळूकडे गेली आणि आपला अंगठा असलेला कागद त्याला डोळ्यांदेखत फाडायला लावून मगच घरी आली.

तुझा व्हिसा आला आणि तिनं सिदू गवंड्याला बोलावलं. खोली उभी राहिली, चौकट बसायची वेळ आली, तर ही म्हणते उंबरा नको. सिदू कावला. म्हणाला, बिनउंबऱ्याचं दार कुठं असतं का, लक्ष्मी थांबायची नाही. माय म्हणाली, "हितं लक्ष्मीला कोण बोलवतंय? हितं कोयत्याच्या बाया येणार हायेत. पाय उचलत न्हाईत त्यांचे." सिदूनं चौकट तशीच बसवली.

तेव्हापासून त्या रिकाम्या खोलीत तिनं ज्वारीचं एक पोतंसुद्धा ठेवू दिलं नाही. रोज झाडायची. शेजारच्या छबुबाईची कंबर धरली, की ती म्हणायची, थांब जरा, सोमेश्वर आला की तुझ्यापासूनच सुरुवात करायला सांगते. माझा नंबर मागं गेला तरी चालतो म्हणायची. मी तिला एकदोनदा सांगून बघितलं, की माय, ते व्हिसासाठी लिहावं लागतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला.

आणि मग त्या रविवारी तुझा फोन आला. मी भाकरी थापत होते, फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवला होता. तू सांगितलंस, की म्हाताऱ्यांच्या त्या दवाखान्यात पक्की नोकरी मिळाली, आता कायमचं राहायला अर्ज करतोय. इथं का राहायचंय ते लिहायचंय, काय लिहू, म्हणून हसलास. मीही हसले आणि म्हणाले, शेवटी म्हातारेच कामाला आले. मायला एवढ्यात सांगू नकोस, असं तू म्हणालास तेव्हा ती पत्र्याच्या पलीकडे शेळी बांधत होती. मी बाहेर येऊन बघितलं, तर दावं तिच्या हातात होतं आणि शेळी पार नळापर्यंत गेली होती.

मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? पण तो टिकला नाही. निवेदन लिहिलंस तेव्हा तू खोटं लिहिलं नव्हतंस, मी शेजारी बसले होते, मला माहीत आहे. बीडच्या एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात मागच्या खोलीत यंत्रं पुसत बसण्यापेक्षा तू तिथं चार पावलं पुढं गेलास, तर त्यात गुन्हा कसला? तरीही वाईट वाटतं. तुझ्या नोकरीचा आनंद आणि हे वाईट वाटणं, दोन्ही माझ्यात एकदमच राहायला आलं आहे आणि दोन्हीपैकी एकही जागा सोडत नाही.

माय आठवडाभर बोलली नाही. ती रुसली असं मला वाटलं. पुढच्या रविवारी खोलीकडे गेले, तर दारात सिमेंट ओलं होतं. सिदूला बोलावून तिनं उंबरा बसवून घेतला होता आणि त्याला हळदकुंकूही लावलं होतं. म्हणाली, छबुबाईच्या लेकाचं नवीन लगीन झालंय, त्यांना राहू दे, घरासारखं घर दिसतंय आता. छबुबाई येऊन नव्या उंबऱ्यावर बसली होती. कंबरेवर हात होता तिचा, पण तुझं नाव तिनं काढलं नाही.

मग मायनं मला वही आणायला लावली. मी म्हटलं, फोन लावते, बोल त्याच्याशी. तेव्हा कळलं, की ती रुसली नव्हती, आठवडाभर घाबरून बसली होती. म्हणाली, "बोलून काय हुतंय? त्येनं सरकारला लिहून दिलंय. आला न्हाई म्हणून उद्या त्येच्या दारात मानसं हुबी राहिली, तर परमुलखात कोन हाय त्येचं? तू लिही. ज्या मायसाठी लिहून दिलं हुतं, त्या मायनं सोडलं म्हणून लिही. कुणी इचारलं तर दाखव म्हनावं." असं काही नसतं, हे मी तिला सांगू शकले असते, सोम्या. नाही सांगितलं. हे पत्र त्यासाठी आहे, ते तुझ्या कागदांत जपून ठेव. खाली डाग दिसतोय तो शाई सांडल्याचा नाही. शाळेतला शिक्क्याचा पॅड आणून मी समोर धरला आणि तिनं उजवा अंगठा नीट टेकवून बराच वेळ दाबून धरला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "उठला का गं? अंगठ्याला कायबी कळंना झालंय." मी म्हटलं, उठला.

तुझीच,
अक्का