आईच्या फळीवरचं अक्षर

प्रिय आई,

सुन्निवाने फळीवरून बोट फिरवलं, त्या क्षणी सगळं बिनसलं.

मी बरा आहे, मासे-बटाटे वेळेवर खातो. तुझा गुडघा कसा आहे?

कपडे दाबायची ती कोरीव फळी घरात शोधू नकोस. बाबांनी तुला मागणी घालताना स्वतः कोरलेली, ती मीच आणली. जिच्यासाठी कॉलेज सोडलं ती सुन्निवा संग्रहालयातल्या अशाच फळ्यांवर, त्या देऊन मागणी घालणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहितेय. तुझ्या नावाचं अक्षर तासून मी तिच्या नावाचं कोरलं आणि फळी देऊन तिला मागणी घातली.

“इथे आधी कुणाचं अक्षर होतं रे?” तिने विचारलं.

“आईचं.”

“मग या फळीला होकार केव्हाच मिळालाय, वेड्या. तुझी तू का नाही कोरलीस?”

मी भडकलो. “लाकूडच तर आहे,” म्हणालो, तुझी फळी तिच्या टेबलावर टाकली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.

तुझा अपराधी,
आयविन