दहावा शब्द

रविवार, ८ नोव्हेंबर १९३१

काल प्रार्थनेला पुन्हा नऊच पुरुष. शनिवारी आम्ही लेखणी धरत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

प्रार्थना चालवणाऱ्या शलोमकाकांना दिसत नाही, आणि माणसांची डोकी मोजणं आमच्यात पाप. म्हणून प्रार्थनेआधी प्रत्येक पुरुष दहा शब्दांच्या एका हिब्रू ओळीतला एकेक शब्द म्हणतो. ओळ पुरी झाली की दहा जण जमले. काल नववा शब्द झाला आणि सगळे थांबले. दहावा, ‘हाओलाम’, माझ्या नवऱ्याचा, हसाजीचा असायचा. मी मागे बायकांच्या जाळीआड एकटी. काका म्हणाले, “कद्दीश होणार न्हाय.” मेलेल्यासाठीची ती प्रार्थना दहांशिवाय म्हणता येत नाही.

हसाजीचा मचवा तेलाच्या डब्यांसकट बुडाला त्याला तीन आठवडे झाले. देह मिळाला नाही. मूठभर माती नाही, प्रार्थनाही नाही. आमचे बाकीचे पुरुष मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी पोलिसात. मग हसाजीनं जावं कुठे?

बुधवार, ११

घाण्याचा बैल आज तीनदा आपोआप थांबला. हसाजी तपकीर ओढायला थांबवायचा, त्याच जागी. हाकलला तरी हलेना. मान वळवून कुणाकडे तरी बघत होता.

ठमी कोळीण मासळी घेऊन आली होती. म्हणाली, “बाय, ज्याची गत न्हाय झाली तो दारात येतोच.” आम्हा शनवार तेल्यांची, म्हणजे यहुद्यांची मशीद आणि मुसलमानांची मशीद एकच, असं तिला अजून वाटतं. पण हे तिला बरोबर कळतं. मी दाराला कडी घातली. मग उठून काढली.

शुक्रवार, १३

मशिदीच्या दिव्याचं तेल काकांकडे पोचवलं. विचारलंच शेवटी — “आपले पूर्वज रानात भटकत होते, तेव्हा देव त्यांच्यात तंबूत राहिला ना? तुमच्यामध्ये वस्ती करीन म्हणाला ना? तेव्हा काय माणसं मोजून आला?”

काका वात चाचपत होते. “लेआ, तो सगळीकडं हाय गो. पण त्यानं वस्तीला यायचं तर आधी आपली वस्ती नको? नऊ जण म्हंजे नुसती वाट बघणारी माणसं.”

राग आला. मी जाळीमागे बसते ती कुठल्या वस्तीत?

रविवार, १५

काल केलं.

नववा शब्द झाला. मी तोंडावर पदर धरला, आवाज पुरुषासारखा खाली ओढला — ‘हाओलाम’.

काका म्हणाले, “दहा झाले.” कुणीही मागे वळलं नाही. माझा दीर मुसाजी उभा राहिला आणि भावासाठी कद्दीश म्हणाला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले.

गुरुवार, १९

झोप नाही. शास्त्र उघडलं तर नेमकं तेच पान — बैल अडखळले, देवाच्या आज्ञा ठेवलेली पेटी, तो कराराचा कोश, कलंडला, एकानं आधाराला हात लावला आणि तो जागीच मेला. त्याचा हेतू काय वाईट होता? देव माणसांत राहायला येतो म्हणजे शेजारी राहायला येत नाही. मी तर त्याच्या घरात पुरुषाचा आवाज काढला!

रविवार, २२

काल पुन्हा. या वेळी आवाज ओढावा लागला नाही. आपसूक आला — जाड, तपकिरीनं बसलेला. माझाच होता ना?

बैल आता थांबत नाही.

शुक्रवार, २७

ठरलं. उद्या प्रार्थना झाली की काकांना सगळं सांगायचं. झालेले कद्दीश वाया गेले तर जाऊ देत. खोट्या आवाजावर हसाजीला पार नेता येणार नाही. मला वाळीत टाकलं तरी चालेल. सकाळपासून अंग कणकणतंय.

रविवार, २९

काल जाता आलं नाही. तापानं उठवेना. ठमी पहाटेपासून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती.

काल दुपारीच मुसाजी मशिदीतून आला. मी आतल्या खोलीत, तो दाराबाहेरूनच हळू बोलला. “वैनी, मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. कुणाला सांगणार न्हाय. पण आज हाओलाम म्हणालात, तवा दादाच मागं हुभा हाय असं वाटलं.”

ठमी पट्टी पिळत म्हणाली, “कोन म्हनलं? बाय तर पाटंपासनं आतरुनात हाय.”

मुसाजी उंबऱ्यावरच बसला.

पुढच्या शनिवारी जाईन, आणि तोंड मिटून ऐकेन.