फुगवट्यातलं सहावं गाणं

भोर
१ फेब्रुवारी २००५

प्रिय प्रशिक,

तुमच्या अल्बमची नमुन्याची सीडी मिळाली. ईदच्या दुसऱ्याच दिवशी मिळाली, आणि तेव्हापासून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय. तुझे फोन येतात, दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून मी ठेवून देतो. गिऱ्हाईक कसलं, कुणाचा तरी जळलेला मिक्सर उघडून एकटाच बसलेला असतो. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी अर्धं वाक्य बोलायचं, तू 'हां हां, कळलं' म्हणायचं आणि उरलेलं स्वतःच ठरवून टाकायचं. म्हणून लिहितोय. कागदाला मधेच तोडता येत नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. अल्बममध्ये काय जमलंय आणि काय फसलंय ते भीडभाड न ठेवता सांग, ही एक. तुमचा दुसरा गिटारवाला नोकरीसाठी मुंबईला चाललाय, त्याच्या जागी पुण्याला येतोस का, ही दुसरी. आणि दोन्हींचं उत्तर रविवारच्या आत, कारण सोमवारी सीडी छापायला जाणार. तू पहिल्यापासून असाच. स्वतः वर्ष घालवायचं आणि दुसऱ्याच्या मागे घाई लावायची. मला एका जागी बसून लिहवत नाहीये. दोन ओळी झाल्या की उठतो, माठातलं पाणी पितो, स्टँडावर पुण्याची एसटी लागलीय का बघून येतो, जसं काही मला त्यात बसायचंच आहे. मधे मधे अक्षर बदललेलं दिसेल, ते त्यामुळे.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या हातातला पेचकस खाली पडला, खोटं नाही सांगत. ना वाऱ्याचा आवाज, ना घंटा, ना उगाच भीती घालणारं काही, सरळ दार ढकलून घरात. तुम्ही सात मात्रांच्या हिशोबात चालता चालता एकदम चारवर येता ती जागा मी चार-पाच वेळा मागे नेऊन ऐकली. कुठं शिवण दिसत नाही. तिसऱ्या गाण्यात दोन गिटारी एकमेकींच्या विरुद्ध चालतात आणि खालून बास वर येतो, तिथं मला तुझा हेवा वाटला, आणि तो अजून उतरलेला नाही. अम्मीनं विचारलं, हे कसलं रे गाणं? मी सांगितलं, याला डेथ मेटल म्हणतात, त्यातलं टेक्निकल. अंगात आल्यासारखं वाजवायचं, पण मात्रा एकही चुकवायची नाही. ती म्हणाली, मग हे आपल्या प्रशिकचंच काम. चहा उतू गेला तरी मान वर न करणारा पोरगा, असं ती तुला अजून म्हणते.

आठवतंय ना, भाटघरला गेनूकाकांची पोल्ट्री? एका शेडमधल्या कोंबड्या विकल्या की दुसरी पिल्लं येईपर्यंत ती आपली. पाण्याच्या टाकीवर तुझे हात, पुण्याहून आणलेली ती जुनी गिटार माझ्या गळ्यात, आणि पुन्हा पुन्हा कॉपी केलेल्या कॅसेटवरून आपण गाणी शोधत बसायचो. दोन घटका आवाज आणि दोन घटका भांडण. शेजारच्या शेडमधल्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या तेव्हा गेनूकाकांनी आपल्याला हाकललं. जाताना तू त्यांना विचारलंस, 'काका, कुठल्या गाण्याला बंद झाल्या?' आणि ते चप्पल घेऊन धरणाच्या भिंतीपर्यंत आपल्या मागे धावले. ते परवा बाजारात भेटले. तुझी सीडी निघतीय म्हटल्यावर म्हणाले, माझ्या कोंबड्यांना नको ऐकवू म्हणजे झालं.

आता वाईट. एक म्हणजे, सुचलं तेवढं सगळं तुम्ही एका ताटात वाढलंय. एकेका गाण्यात इतके रिफ, अब्बांच्या भाषेत मुखडे, आणि एकही परत भेटायला येत नाही. पाहुणा उंबऱ्यात चप्पल काढतोय तोवर तुम्ही त्याला मागच्या दारानं वाटेला लावता. गाणं संपल्यावर रस्त्यानं चालताना माझ्या तोंडात त्यातलं काहीच राहिलं नाही. चौथ्या गाण्यातला सोलो म्हणजे पेपरात प्रश्न काहीही असो, पाठ केलेलं सगळं लिहून आलेल्या पोरासारखा. तो गिटारवाला मुंबईला गेला तर मी रडणार नाही. तिसरं गाणं सोडलं तर बास बिचारा कुठं आहे तेच कळत नाही. आणि तुमचा गाणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत गुरगुरतो. रागही तोच, दुःखही तेच. अल्बमचं नाव तू 'फुगवटा' ठेवलंस, मला किती बरं वाटलं. गुंजवण्याकडं धरणाचं पाणी कुठवर येणार हे सांगताना तुझी आई तोच शब्द वापरते. पण आत इंग्रजीत काय चाललंय, कुणाचं शेत बुडालं, कोण उठलं, त्यातलं एक अक्षर लागत नाही.

अंजनामावशी गेल्या बाजाराला दुकानात आल्या होत्या. लेकाची सीडी आलीय म्हटल्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी त्यातल्या त्यात मऊ म्हणून तिसरं गाणं लावलं. थोडा वेळ ऐकलं आणि मला हळूच विचारलं, 'शाकिर, ह्यो वराडतोय त्यो आपला प्रशिक न्हाई ना? त्याला कुणी मारत न्हाई ना?' मी सांगितलं, तो वेगळा, प्रशिक मागे ढोल वाजवतोय. मग त्यांच्या जिवात जीव आला. जाताना म्हणाल्या, 'ढोल चांगला हाय. पर दम घेत न्हाई रं माजं लेकरू.'

हे त्या आईपणानं बोलल्या, पण मला जे नीट सांगता येत नव्हतं ते तेच होतं. तुमच्या साउंडवाल्यानं तुझा प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर सरळ रेषेत बसवलाय आणि सगळ्यांना सारखा आवाज दिलाय. दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल टाइपरायटरसारखं वाजतं. तुझा डावा हात उजव्यापेक्षा कणभर हलका पडतो, गावात तुझ्या काकांच्या ढोलावर शिकलास तेव्हापासूनचा, तो हलकेपणा गायब आहे. वेग भरपूर, चूक शून्य, आणि तू कुठं आहेस ते मला सापडेना. मी हे साउंडवाल्यावर ढकलत नाही. तूच फोनवर अभिमानानं सांगितलंस, 'सहाव्या गाण्यात माझी एक चूक होती, तीपण काढायला लावली.'

त्या चुकीसाठीच हे पत्र इतकं लांबलंय. मी तीन वेळा उठून आलो या ओळीपाशी.

दिवाळीत तू मला सरावाची कॅसेट दिली होतीस. त्यात सहाव्या गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग तू एकटा ठाम आत येतोस. बाकीचे तुझ्या मागून धडपडत येतात, कारण त्यांना ठाऊकच नाही की तू काय मोजत होतास. मला पहिल्याच वेळी कळलं. तू चार लग्नसराया अब्बांच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवलास, प्रशिक. वरात मशिदीजवळ आली की अब्बा क्लॅरिनेट तोंडावरून काढून आडवी धरायचे. सगळी वाद्यं जागच्या जागी बंद, पण पाय बंद नाही. डावा पाय ठेक्यावर पडतच राहायचा, आणि मशिदीची भिंत संपली की कुणी न सांगता सगळे एकदम आत. नव्या पोराकडून ते व्हायचं नाही, तो भिंत संपायच्या आधीच घुसायचा आणि शिव्या खायचा. तूही खाल्ल्यास. नंतर तुला ते इतकं अंगवळणी पडलं की पुण्यात, बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून वाजवतानाही तू मशिदीवरून थांबून गेलास. तुझ्या बँडवाल्यांना ती चूक वाटली यात नवल नाही. ते कधी वरातीपुढे चाललेले नाहीत. तुलाही ती चूक वाटली, याचा मात्र मला राग आला. सीडीवर ती जागा कापून एका श्वासाएवढी केलीत.

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते सांगतो. अब्बांना ऐकू येत नाही. उजवा कान आधीच गेला होता, दिवाळीनंतर डावाही गेला. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, जन्मभर ट्रंपेटांच्या मधे उभे राहिलात, आता काय होणार. अम्मी जेवायला बोलावताना त्यांच्या खांद्याला हात लावते. या लग्नसराईला बँडपुढं मी उभा राहतो, आणि ते मला जमत नाही. तू पुण्याला ये म्हणतोस तेव्हा मी गप्प बसतो ते त्यामुळे. आपले अब्बा रे, ज्यांना गल्लीच्या टोकावरून कुणाची पिपाणी बेसूर आहे ते कळायचं, ते हल्ली दिवसभर दुकानात माझ्यासमोर स्टुलावर बसतात आणि रस्त्याकडे बघतात. कुणाशी बोलत नाहीत. मला ते बघवत नाही.

परवा दुपारी मी तुझी सीडी लावली होती. दुरुस्तीला आलेला मोठा स्पीकर त्यांच्या शेजारीच होता. त्यांनी सहज त्यावर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिले. मी काही सांगितलं नाही, सांगून ऐकू तरी कुठं जाणार. दोन-तीन गाण्यांनंतर मोठ्यानं म्हणाले, 'गिरणी हाय का रं?' मी हसलो, तेही थोडे. मग सहावं गाणं आलं, आणि त्यांचा डावा पाय हलायला लागला. ढोल थांबला. पाय चालूच. मी काम सोडून बघत राहिलो. ते भिंतीच्या कडेनं चालले होते, प्रशिक. आणि दोन पावलं गेले नाहीत तोच तुमचा ढोल परत सुरू झाला. त्यांचा पाय हवेतच राहिला. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, 'कोन घुसलं मधीच?' आणि स्पीकरवरचा हात काढून घेतला.

मी उठून तुझी दिवाळीची कॅसेट शोधली. घाईत ती नीट आत बसेना. तेच गाणं लावलं आणि त्यांचा हात धरून परत स्पीकरवर ठेवला. ढोल थांबला. पाय चालू राहिला. सगळी भिंत ते चालले, एकेक पाऊल, आणि जिथं पाय पडला तिथंच तुझा ठोका पडला. अब्बा हसले. कान गेल्यापासून पहिल्यांदा ते कुणाबरोबर तरी वाजवत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, 'प्रशिक हाय त्यो.' मी त्यांना सांगितलं नव्हतं कोण वाजवतंय. सीडीवर त्यांनी अख्खी पाच गाणी तुझ्यावर हात ठेवला होता, आणि तुला ओळखलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. अल्बमच्या गुणदोषांचं बाकी सगळं तू विसरलास तरी चालेल. रविवारी सकाळच्या एसटीनं मी गिटार घेऊन येतोय, कॅसेट खिशात आहे. बँड या सराईला ज्ञानू ट्रंपेटवाला बघेल, तसं अब्बांनीच ठरवलंय. ती भिंत परत गाण्यात घेतलीत तर मी राहतो, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं परत, आपल्यात भांडण नाही. पण मी एकटा येत नाहीये. अब्बांनी कालपासून वरातीत घालायचा काळा कोट इस्त्री करून ठेवलाय. त्यांच्यासाठी स्पीकरला लागून एक खुर्ची ठेव.

तुझाच,
शाकिर