मामाले पाठ असलेला नंबर

प्रसेनजित,

मी अन् आई टेलिफोन ऑफिसात जाऊन राह्यलो. शंकरमामा आतल्या खोलीत झोपला आहे, त्याले उठवू नको.

घरचा फोन महाग पडते म्हणून तू दोन आठवड्यांआधी तो बंद केला. सगळ्यात स्वस्त प्लॅन कोणता, हे चार दुकानं फिरून पाहिलं अन् मोबाइल आईच्या हातात दिला. तिले एका शब्दानं विचारलं नाही.

मामाले दिसत नाही, घरात दुसरं कोणी नाही. बोटानं चाचपून तो एकच नंबर लावते, अठरा वर्षांपासून पाठ असलेला आपला. दर रविवारी बहिणीसंग बोलते; फोन नेहमी त्याचाच येते, आईपाशी त्याचा नंबर नाही. दोन रविवार फोन लागला नाही, तर आज तो खामगावले गाडी बदलून पिंपळगाव राजाहून एकटा आला. दारात काठी टेकून मले म्हणाला, "महामाया, खरं सांग माय, सिंधू गेली काय?"

आई धावत आली. त्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला अन् उंबऱ्यावरच बसून रडला.

आईनं तुह्या अंगावर काही येऊ दिलं नाही. फोन बिघडला होता, असं सांगून मोकळी झाली. मी मात्र हे खोटं बोलणार नाही. नंबर परत मिळते का ते आम्ही पाहतो. मामा उठला की त्याले चहा दे, जवळ बस, अन् फोन कोणं बंद केला, काऊन केला, ते तुह्या तोंडानं सांग.

महामाया