बबनच्या कपाळावरचं कुंकू

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
दसरा उलटल्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप अलकाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा बाल्कनीतून साष्टांग नमस्कार. (बाल्कनीतून का, ते पुढे कळेल. साष्टांग घालण्याइतकी जागा इथे नाही, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे.) तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? अण्णासाहेबांचा खोकला हवा बदलल्यावर वाढला नाही ना? त्यांना या मेव्हण्याचा नमस्कार सांग, आणि त्यांच्या साठीशांतीला जे झालं ते विसरले असतील तर आठवण करून देऊ नकोस. यानंतर इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची आपली रीत आहे. ती मोडून लिहितो की इकडे काहीही क्षेम नाही, माझं डोकं फिरलेलं आहे, आणि त्यात तुझाही वाटा आहे.

परवा फोनवर तू माझं एक वाक्य धड ऐकून घेतलं नाहीस. "पद्या, अति करतोस रे तू," म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. म्हणजे लतिकाने आधीच फोन करून तिची बाजू मांडली होती आणि तू एकतर्फी निकाल देऊन मोकळी झालीस. ताई, सेक्शन ऑफिसर म्हणून मी केंद्र सरकारात इतकी वर्षं काढली, पण दोन्ही बाजू कागदावर आल्याशिवाय एका फाइलवर सही केलेली नाही. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण कुटुंबाच्या ग्रुपवर मी काहीही लिहिलं की लतिका खाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी तोंडं टाकते. (आम्ही एकाच घरात राहतो. समोर येऊन हसली असती तरी चाललं असतं.)

तर वस्तुस्थिती अशी. आमच्या अबोलीच्या शाळेत मुलांची रोबोटिक्सची टीम आहे. सहा मुलं आहेत, आणि यंदा अकरावीत आल्यापासून अबोली त्यांची कॅप्टन आहे. ही मुलं दरवर्षी एक रोबोट बनवतात. त्याला चार चाकं, पुढे एक पंजा आणि समोर दोन दिवे. स्पर्धेत तो कुणाच्या मदतीशिवाय फिरतो, आपल्या रंगाचे चेंडू ओळखतो, उचलतो आणि टोपलीत नेऊन टाकतो. मुलांनी त्याचं नाव टायटन ठेवलं आहे. मी त्याला बबन म्हणतो, कारण आपले बबनकाका पंगतीत जिलबीसाठी अगदी असाच हात पुढे करून बसायचे. शाळेची लॅब दुपारी बंद होते आणि मुलांना सरावाला जागा नव्हती, तेव्हा कोण धावलं? मी धावलो. आपल्या क्वार्टरचा हॉल दिला. हॉलभर सरावाचं मैदान अंथरलं, सोफा बाल्कनीत आला, टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा केला (त्याच्या उजेडाने बबन बिथरतो), आणि वर्ष झालं, आम्ही नवराबायको बाल्कनीत जेवतो. पाहुणे आलेच तर चपला हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून, कडेकडेने आत सरकतात. लतिकाने तुला सुटकेसच्या चाकांचं सांगितलं असेल. ते खरं आहे. पण ती सुटकेस वर्षातून एकदा गावाला जाते आणि बबनला चाकं रोज लागतात, यात न कळण्यासारखं काय आहे? तिला दिवाळीचा ड्रेस आणायला म्हणून मार्केटात गेलो आणि लाल टोप्या घेऊन परतलो, हेही खरं. मुलं सहा आणि टोप्या सात कशा, असं तिने सगळ्यांसमोर विचारायचं काही कारण नव्हतं.

आता साठीशांतीचं. तो विषय तूही काढणार, म्हणून मीच काढतो. सुवासिनी अण्णासाहेबांना ओवाळत असताना माझ्या कानात फोनची वायर होती, कबूल. पण इकडे दिल्लीत बबनचा पंजा मिटून बसला होता आणि मुलं रडकुंडीला आली होती. मी एवढंच म्हणालो की उलटं फिरायला हवं, पूर्ण उलटं. (जरा मोठ्याने म्हणालो.) अण्णासाहेब बिचारे सकाळपासून कुणी सांगेल ते करत होते. बस म्हटलं की बसत होते, पाणी सोड म्हटलं की सोडत होते. त्यांना वाटलं हाही विधीच आहे, आणि ते पाटावर पूर्ण उलटे फिरले. निरांजनं त्यांच्या पाठीला ओवाळली गेली. गुरुजींनी थांबवायला हवं होतं. दक्षिणा त्यांनी घेतली आणि दोष माझ्या पदरात टाकला. असो.

मूळ मुद्द्यावर येतो. विभागीय स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. आता तू सांग, खंडेनवमीला आपल्या घरात काय होतं? आई शिवणयंत्राला हळदकुंकू लावायची, बाबा पाने-हातोडे पाटावर मांडायचे, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही कुणी बोट लावायचं नाही. या सरकारी क्वार्टरात मी तलवारी कुठून आणू? दरवर्षी स्कूटर आणि ऑफिसचा स्टेपलर पुजतो. यंदा घरात खरंखुरं यंत्र होतं. मी बबनला पाटावर बसवलं, पंज्यात झेंडूची माळ दिली, आणि आईच्या पद्धतीने तेलात कालवून कुंकू लावलं. कुठे लावलं? जिथे कपाळ असतं तिथे. दोन दिव्यांच्या बरोबर मधे. तिथे एक बारीक काच आहे आणि ती काच म्हणजे बबनचा रंग ओळखणारा डोळा आहे. रोबोटला असा डोळा असतो हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. गेल्या वर्षीच्या रोबोटला तो डोळा पोटाशी होता. यंदा मुलांनी तो वर आणला आणि मला कुणी विचारलं नाही, कुणी कळवलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. बबनचं अंगही लाल, त्यामुळे कुंकू कुणाला दिसलं नाही. अबोली दसऱ्याला एक फेरी चालवून बघू म्हणत होती, पण मांडलेली पूजा मी हलवू दिली नाही. आणि उत्तरपूजा झाली तेव्हा बाकीची मुलं रावण बघायला पांगली होती.

शुक्रवारी गुडगावला एका बड्या शाळेत स्पर्धा होती. (शाळा कसली, विमानतळच तो. स्वच्छतागृहातसुद्धा वातानुकूलन.) आमचे चेंडू लाल आणि समोरच्यांचे निळे. शिट्टी झाली. बबनने पहिला लाल चेंडू उचलला, टोपलीत टाकला, मी टाळ्या वाजवल्या. मग त्याने निळा उचलला. मला वाटलं चुकून घेतला असेल. मग त्याने दुसरा निळा घेतला, तिसरा घेतला. कुंकवातून बघणाऱ्याला सगळं जगच लाल दिसणार, तो तरी काय करील? समोरच्याचा चेंडू आपल्या टोपलीत गेला की दंडाचे गुण, आणि बबन आपल्या हाताने दंड भरत सुटला होता. चेंडू संपल्यावर त्याने कोपऱ्यातली पिवळी खूण उपटली. मग तो पंचांच्या बुटाकडे वळला. बूट पांढरा होता. पंच मागे सरकले तसा तो त्यांच्या मागे लागला, आणि शेवटी बूट सोडून त्याने समोरच्या टीमच्या रोबोटलाच कवेत घेतलं आणि टोपलीकडे ओढायला लागला. सभागृह हसत होतं, ताई. समोरच्या टीमचे एक पालक तर खुर्चीवर उभे राहून व्हिडिओ घेत होते. अशा वेळी दोरीच्या बाहेर नुसतं उभं राहणारा माणूस बाप म्हणायच्या लायकीचा नाही. मी दोरी ओलांडली आणि बबनला उचलून छातीशी धरलं.

तर म्हणे बाहेरच्या माणसाने रोबोटला हात लावला, फेरी बाद! मी बाहेरचा माणूस! ज्याने वर्षभर बाल्कनीत जेवण केलं तो बाहेरचा! पंचांनी काचेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, ये लाल-लाल क्या है?" मी त्यांना खंडेनवमीचं महत्त्व शांतपणे समजावून सांगितलं. हिंदीत सांगितलं, पांडवांच्या शस्त्रांपासून सुरुवात करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वो तो ठीक है सर, पर सेंसर पे?" शाळेच्या रेवती मॅडम, ज्या कागदोपत्री टीमच्या कोच आहेत (सुट्टीत त्यांना लॅबची किल्ली सापडत नाही), त्या मला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "अंकल, आप ना दूर से ही आशीर्वाद दीजिए।" अबोलीने ओढणीच्या टोकाने काच पुसली. त्यानंतर बबन शहाण्यासारखा खेळला, मुलांनी उरलेल्या सगळ्या फेऱ्या जिंकल्या, आणि डिसेंबरच्या राष्ट्रीय फेरीत त्यांची निवड झाली. मग सांग, नुकसान काय झालं?

पण ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. परतताना मेट्रोत सहाही मुलं डब्याच्या त्या टोकाला बसली आणि मी बॅटऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन या टोकाला. ती डोकी एकत्र घालून काहीतरी ठरवत होती. मला वाटलं, माझ्यासाठी आभाराचं काही चाललं असेल. आयएनए स्टेशनवर गाडी बदलताना अबोली जवळ आली आणि म्हणाली, "बाबा यार, सगळ्यांनी डिसाइड केलंय. डिसेंबरपर्यंत तू टीममध्ये नाहीयेस. सरावालापण नको येऊस, प्लीज." प्लीज! ताई, आमच्या खात्यात लाच खाताना पकडलेल्या माणसालासुद्धा आधी मेमो मिळतो, खुलासा द्यायला मुदत मिळते, निलंबनात निम्मा पगार मिळतो. मला एस्केलेटरवर उभ्या उभ्या काढून टाकलं. आणि सराव होतो कुठे? माझ्याच हॉलमध्ये! माझ्याच घरात मी बाल्कनीचं दार लावून बसायचं आणि आतून चाकांचा आवाज ऐकायचा. चाकं अडखळतात तेव्हा मला कशामुळे ते इथूनसुद्धा कळतं, पण सांगायची सोय नाही. लतिका चहा घेऊन येते, माझ्याकडे बघते, आणि तोंडाला पदर लावून आत जाते. गरज सरो, वैद्य मरो.

तेव्हा माझा निर्णय पक्का आहे आणि तो तुला लेखी कळवतो. रोबोटिक्सशी माझा संबंध संपला. उद्या मुलं हात जोडून आली तरी मी जाणार नाही. हॉल रिकामा करून घेणार, सोफा आत नेणार, टीव्ही सरळ करणार, आणि बाप माणसाने जसं लोळत बातम्या बघाव्यात तशा बघणार. दिवाळीला आम्ही पुण्याला येतो आहोत. माझ्या कानात वायर दिसली तर पंगतीतून उठव. यापुढे अति करतो असं मला कुणी म्हणायचं नाही.

अण्णासाहेबांना दंडवत, तुझ्या गुडघ्यांना शेक, आणि तुला पुन्हा एकदा, याही बाल्कनीत मावेल तेवढा नमस्कार.

तुझा भाऊ (बाहेरचा माणूस)
पद्माकर

ता. क. अबोली रविवारी तुला फोन करते. आत्याचं ती ऐकते, माझं ऐकत नाही. तेव्हा बोलता बोलता, आपल्याच मनात आल्यासारखं, तिला विचार की बाबाला परत घेणार का. मी कशालाही हात लावणार नाही. तोंड उघडणार नाही. मागे कुठेतरी उभा राहीन, सामान धरीन. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आणखी एक ता. क. तू विचारशील, एवढं का रे पद्या. तर ऐक. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी माझ्याशी दिवसभरात हं, नको आणि चार्जर कुठंय एवढंच बोलायची. एकदा मोटर अडली आणि समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने मला विचारलं, बाबा, हे असं का होतंय? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फायली बाजूला ठेवून मी मोटर म्हणजे काय ते वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलायला लागली. भांडते, ओरडते, माझ्या चुका काढते, पण बोलते. पुढच्या वर्षी बारावी, मग ती कुठल्या गावाला जाईल कोण जाणे. शुक्रवारपासून ती पुन्हा हं वर आली आहे. मला त्याचा राग आला आहे, ताई. शाळेचा नाही, पंचांचा नाही, लतिकाचाही नाही. याचाच.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अबोली बाल्कनीच्या दारात आली. "बाबा, तो सगळ्यात बारीक पेचकस दिसत नाहीये. तू पाहिलास का?" मी म्हटलं, शोधावा लागेल. तर ती सोफ्याच्या टोकावर बसली आणि पंजा नेमका कुठे अडकतो ते मला सांगायला लागली. अजून सांगते आहे, म्हणून आवरतो. रविवारी तिला काही विचारू नकोस. पेचकस माझ्या खिशात आहे, आणि या आठवड्यात तरी तो सापडणार नाही.