घंटी वाजू द्या

मंगळवार, संध्याकाळ. देऊळघाट.

आजचं आजच लिहून ठेवते. लग्नामुळे सुटलेलं बी.ए. पुरं करतेय. घरात सलग वेळ मिळत नाही, म्हणून मोबाईलवर पंचवीस मिनिटांची घंटी लावून अभ्यासाला बसते. आज मध्येच पाहुणे आले. सासूबाईंनी हाक मारली, "चहा ठेव वं."

"घंटी वाजू द्या, मग येतो," मी जागेवरूनच म्हणाले.

"पाहुण्यासमोर असं बोलते काय वं?"

बोलले. काऊन नाही बोलायचं? पाहुणे तासभर बसणारच होते, माझ्याजवळ पंचवीसच मिनिटं होती. शेवटी सासरे उठले आणि त्यांनीच चहा केला. सासूबाई अजून धुसफुसताहेत. राहू देत. घंटी वाजल्यावर मी बाहेर गेले, चहा घेतला आणि सगळ्यांसमोर सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, चहा मस्त झाला."